सांगून वाढलेलं ताट

फुई,

तुला मातीआड करून आम्ही तुझ्या धुळ्याच्या घरी आलो, अंघोळी झाल्या, आणि तुझ्या शेजारच्या सलमाभाभींनी पिठलं-भाकरीचं टोपलं ओट्यावर आणून ठेवलं. आपल्यात त्या दिवशी चूल पेटत नाही, भाभींना ते माहीत. सगळे तुझ्यासाठी रडत होते. माझे आबा, तुझे लहान भाऊ, भिंतीला टेकून बसले होते, त्यांची टोपी मांडीवर. मी रडत नव्हते. मी माझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या ताटाकडे बघत होते.

तुला राग येणार नाही, हे मला माहीत आहे. तू असतीस तर तूही तिकडेच बघितलं असतंस. धुळ्याच्या डॉक्टर मॅडमनी आपल्याला बजावून ठेवलं होतं ना, की हा आजार जातो, पण जाताना दार लोटून जातो, कडी लावून जात नाही. एखादा मोठा धक्का बसला की परत आत येऊ शकतो. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का तूच दिलास, फुई. सकाळी चहा घेतलास, छातीत कळ आली म्हणालीस आणि संपलं. आणि ज्या पोरीला तू घासाघासाने परत आणलंस, ती पोर तुझ्या घरात, तुझ्याविना, ताट घेऊन बसली होती. ताटात भाकरीचा चतकोर, पिठलं, कांदा. हात ताटात होता, पण हलत नव्हता.

त्या ताटाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मला तुझ्याशी बाकीचं बोलायचं आहे. भांडायचंही आहे.

तो उन्हाळा आठव. जळगावचा मे महिना, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, कूलरमधून गरम वाफ येते. तू धुळ्याहून सकाळच्या एसटीने आलीस, पदराने घाम पुसत दारात उभी राहिलीस, आणि समोर प्रज्ञा. अंगात स्वेटर. तू माझ्याकडे बघितलंस, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे.

"उन्हाळामा स्वेटर कोन घालस वं, माय?"

"फॅशन आहे, फुई," प्रज्ञा म्हणाली आणि आत गेली.

तेव्हा ती नववी पास झाली होती, वर्गात पहिली. खो-खोच्या टीममध्ये होती, सरांनी सांगितलं होतं की वजन कमी केलंस तर पळशील चांगली. सरांनी सहज सांगितलं असेल. तिने ते सहज घेतलं नाही. आधी साखर सुटली, मग तळलेलं, मग भात, मग भाकरी अर्धी, अर्धीची पाव. आणि आम्ही काय करत होतो? कौतुक. कॉलनीतल्या बायका मला विचारायच्या, "मॅडम, काय छान बारीक झाली हो तुमची प्रज्ञा, काय देता तिला?" मी हसायचे. पोरगी अभ्यासात पुढे, खेळात पुढे, हट्ट नाही, मागणं नाही. आमच्या खानदानात पदवी घेतलेली पहिली मी, बी.एस्सी. झालेली, नशिराबादच्या शाळेत मुलांना समतोल आहार शिकवते. माझ्या घरात असं काही असेल हे मनात सुद्धा येत नव्हतं.

केस गळायला लागले तेव्हा रक्त कमी म्हणून टॉनिक आणलं. पाळी बंद झाली तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, या वयात होतं असं मागेपुढे. पोट दुखतं म्हणून दुसऱ्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. खोटं कोणीच बोललं नाही, पण खरं काय ते कोणाला दिसलं नाही.

तुला दिसलं. आल्यापासून तिसऱ्या-चौथ्या जेवणानंतर तू मला मोरीपाशी गाठलंस.

"सुनंदा, ही पोर जेवस नही."

"जेवते की. आत्ताच तर बसली होती तुझ्यासमोर."

"बसनी होती. जेवनी नही. भाकर मोडस, ताटमा फिरावस, अन मंग म्हनस पोट भरनं."

मी म्हटलं, फुई, ती क्लासला मैत्रिणींबरोबर खाते, डबा रोज रिकामा येतो. तू फक्त मान हलवलीस, डावीकडून उजवीकडे, हळू. तो तुझा सर्वात मोठा विरोध. दुसऱ्या दिवशी क्लासवरून परत आलेला डबा धुताना मी सहज वास घेऊन बघितला. त्याला भाजीचा वासच नव्हता. नुसता साबणाचा होता. ती बाहेरच कुठेतरी टाकून, धुऊन आणत होती.

पुढचं श्रेय मात्र मी तुला देणार नाही, ते माझं आहे. जेवत नाही हे तू ओळखलंस, पण तू म्हणालीस दृष्ट लागली, मीठ-मिरच्या उतरव. मी म्हटलं, उतरवते, पण उद्या डॉक्टरकडे पण जायचं. मी वाचलं, विचारलं, शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने धुळ्याच्या मॅडमचा पत्ता काढला. लहान मुलांच्या आणि वयात येणाऱ्यांच्या मनाच्या त्या डॉक्टर. तू एसटीत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. 'मनाचा डॉक्टर' म्हटल्यावर तुला वाटलं मी पोरीला वेडी ठरवायला निघाले.

मॅडमनी आधी तिला एकटीला भेटून घेतलं. मग तपासलं, नाडी बघितली, झोपवून आणि उभं करून ब्लडप्रेशर घेतलं, हृदयाची, म्हणजे ईसीजीची पट्टी काढली. मग आपल्याला आत बोलावलं. मला त्यांचे शब्द आठवतात, कारण तू नंतर ते कॉलनीभर सांगत फिरायचीस.

"आधी एक गोष्ट ऐका. हा हट्ट नाही, नखरे नाहीत, आजार आहे. तिने मागून घेतलेला नाही, तुम्ही दिलेला नाही. मुलींना होतो, मुलांनाही होतो. आणि बरा होतो."

मग उपचार सांगितले. हृदय फार हळू चाललंय, तेव्हा आधी शरीर, मन नंतर. काही दिवस मुलांच्या वॉर्डात ठेवावं लागेल. अन्न हळूहळू वाढवायचं, कारण फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर तेही झेपत नाही, म्हणून रोज रक्त तपासायचं. तोंडाने जमलंच नाही तर नाकातून नळी, ती शिक्षा म्हणून नाही, औषध म्हणून. आणि जिवाचा धोका टळला की घरी. खरा उपचार घरी.

मिलिंद, माझा नवरा, खुर्चीत पुढे सरकला. त्याने विचारलं, "भूक लागायची काही गोळी नाही का, मॅडम?"

"या आजाराची गोळी म्हणजे जेवण. भीती, उदासपणा फार वाटला तर त्याला औषध देऊ, तिच्याशी बोलायला समुपदेशक आहेत. पण तीन जेवणं, मधली तीन खाणी, आणि प्रत्येक वेळी घरातलं मोठं माणूस समोर बसलेलं. काय खायचं, किती खायचं, हे सध्या तुम्ही ठरवायचं. आजाराच्या हातातून तिच्या ताटाचा ताबा घ्यायचा. सावरली की हळूहळू तिच्या हातात परत द्यायचा. मुंबई-पुण्याला यासाठी वेगळे विभाग आहेत, गरज पडली तर पाठवीन. पण तिथेही शेवटी हेच शिकवतात."

मी आणि मिलिंदने एकमेकांकडे बघितलं. त्याची वरणगावच्या फॅक्टरीत पाळी, माझी शाळा. प्रत्येक जेवणाला समोर कोण बसणार? तेव्हा माझ्यामागून तुझा आवाज आला. तोपर्यंत तू खुर्चीवर बसायलाही तयार नव्हतीस, दाराशी उभी होतीस.

"मी बठसू."

बस, एवढंच. धुळ्याचं घर कुलूप लावून तू आमच्याकडे आलीस. तुझी तुळस शेजारणीला, तुझी संध्याकाळची ओट्यावरची बैठक कोणालाच नाही. मला वाटलं, महिना-दोन महिने. तुला काय वाटलं होतं, ते विचारायचं राहिलं.

पण त्याआधी वॉर्डातले दिवस. तिथे आपण जे भांडलो, ते भांडण अजून संपलेलं नाही. प्रज्ञा रडत होती, मला घरी न्या, मी जेवेन, आईची शपथ जेवेन. तुझ्याने ते बघवेना. तू पिशवी भरायला घेतलीस.

"चाल, पोरले घर लई चाल. घरना घास अंगले लागस."

"फुई, तिची नाडी बघितलीस का पट्टीवर? नाही न्यायची."

"तुले कागद दिसस. माले पोर दिसस."

"मला कागद वाचता येतो म्हणूनच पोरगी जिवंत आहे!"

वॉर्डातल्या सगळ्या बाया बघायला लागल्या. तू पिशवी खाली ठेवलीस आणि ते बोललीस, जे माझ्या काळजात अजून सलतं. "शिकीसन काय व्हयनं? तू शिकनी, आते तिले बी पयला नंबर पाहिजे. अभ्यासमा पयली, खेळमा पयली. भाकर कमी खावामा बी पयलीच व्हयनी ना पोर?"

फुई, मी तेव्हाही मान्य केलं नाही आणि आजही करत नाही. शिक्षणाने आजार दिला नाही. शिक्षणाने त्याचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला. मी शिकले नसते तर आपण मिरच्या उतरवत बसलो असतो. आणि तिला दहावीला एक वर्ष बसवायचं नाही, हा निर्णय कोणी घेतला? मी. मास्तरणीची पोरगी दहावीला बसली नाही, असं लोक बोलले, मी मान वर करून बाजारात गेले. हे तू बघितलंस, पण 'बरोबर केलंस' असं काही तोंडाने बोलली नाहीस. तेही राहिलं. पण एक कबूल करते, पहिल्या नंबराची गोष्ट तू बोललीस तेव्हापासून मी घरात तो शब्द जपून वापरते. तू जिंकलीस असं समजू नकोस. अर्धं-अर्धं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय केलंस? अंघोळ करून, नवी साडी नेसून वॉर्डात आलीस, आहारतज्ज्ञ बाईंच्या समोर बसलीस आणि म्हणालीस, आता मला सांगा, कसं वाढायचं. सत्तरीच्या घरातली बाई. आयुष्यभर जिच्या हातचं खायला गाव यायचं, ती एका पंचविशीतल्या पोरीला विचारत होती, की वाटी केवढी घेऊ. मी दारात उभी राहून बघत होते. माझं तुझ्यावर प्रेम होतंच, पण तुझ्याबद्दल आदर वाटला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

घरी आल्यावर जे सुरू झालं, त्याला मी काय म्हणू? लोकांना वाटतं उपचार म्हणजे सलाईन, इंजेक्शन. आपल्या घरात उपचार म्हणजे तू, पाटावर मांडी घालून, समोर ती, दोघींच्या पुढ्यात सारखी ताटं. अर्धी भाकरी खायला तिला तास लागायचा. तुझ्या तोंडात पुढचे दात नव्हते, तुलाही तास लागायचा.

"माले दात नही, तुले घाई नही. आपली जोडी जमनी," तू म्हणायचीस. "तू एक, मी एक." तिने घास घेतला की तू घ्यायचीस. तिने हात आखडला की तूही थांबायचीस, ओरडत नव्हतीस, नुसती थांबायचीस, गाडीची वाट बघणाऱ्या बाईसारखी. गप्पा मात्र जेवणाच्या सोडून सगळ्या. धुळ्यातल्या देवपूरच्या नळावरची भांडणं, तुझ्या सासूचा चष्मा, कोणाची म्हैस कोणाच्या लग्नात शिरली. मी एकदा हुशारी करायला गेले. म्हटलं, बाळा, तथागतांनीही अन्न सोडून बघितलं होतं, शरीर सुकवून काही मिळत नाही हे कळल्यावर सुजाताच्या हातची खीर घेतली. प्रज्ञा म्हणाली, "आई, मी बुद्ध नाहीये. मला ज्ञान नकोय, मला पोट आत हवंय." तू एवढी हसलीस की ठसका लागला. "पोर बरोबर बोलनी!" ती पण हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. माझ्या भाषणाचा तेवढा उपयोग झाला.

मग हिवाळ्यात ते तुपाचं झालं.

आपल्याकडे लाडक्याला लपवून वाढतात. भाकरीच्या पापुद्र्यात लोणी, भाताच्या ढिगाखाली तूप, दुसऱ्या पोरांना दिसू नये म्हणून. तुझी माया तशीच होती. डाएटच्या बाईंनी सांगितलेलं तेल-तूप बघून प्रज्ञा घाबरते, मग तू ठरवलंस की तिला दिसायलाच नको. वरणात तूप मुरवायचं, भाजीत दाण्याचं कूट बारीक करून विरघळवायचं, आणि विचारलं तर म्हणायचं, काही नाही, साधंच आहे. वजन थोडं वाढायला लागलं, तू मनातल्या मनात खूश. पण तुझा हिशोब एका गोष्टीत चुकला. ती तासभर जेवायची. डिसेंबरची थंडी, वरण निवलं, आणि वाटीच्या काठाला तुपाची पांढरी कड धरली.

तिने बोट लावून बघितलं. मग तुझ्याकडे बघितलं.

"तू म्हणाली होतीस साधं आहे."

तू वाटी तुझ्याकडे ओढलीस.

"तू पण? फुई, तू पण?"

त्यानंतर तिने तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळं घर जणू विषाचं झालं तिला. जे महिन्यांमध्ये कमावलं ते आठवड्यात जायला लागलं, परत चक्कर, परत धुळे. मॅडम तुला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आजी, हा आजार लपवण्यावरच जगतो. ती लपवते, आपण लपवायचं नाही. तूप द्यायचंच आहे. पण सांगून."

येताना एसटीत तू खिडकीशी बसली होतीस. पारोळ्याच्या पुढे तू एकदम बोललीस, माझ्याकडे न बघता. "खोटं जेवन माले वळखू येस, सुनंदा. मी कैक वरीस तेच जेवेल शे."

मला कळलं नाही. मग तू सांगितलंस. दुष्काळाच्या सालात, खडी फोडायला जायचात तेव्हा, भाकरी मोजक्या, तोंडं जास्त. तू थोरली. आबा सगळ्यात लहान. तू रोज सांगायचीस, मी जेवले. आणि ताटात बोटं फिरवून, तोंड पुसून उठायचीस, म्हणजे माय विचारणार नाही. "म्हनीसन तिनं ताट दखं ना, तवाच समजनं."

फुई, ज्या बाईने अशी भूक काढली, ती बाई भरल्या घरात अन्न नको म्हणणाऱ्या पोरीसमोर महिनोन्महिने बसत होती, आणि तिच्या तोंडून एकदाही, एकदाही 'आम्ही उपाशी राहिलो आणि तुला खायला काय झालं' हे वाक्य आलं नव्हतं. ते वाक्य मी बोलले होते. मिलिंद बोलला होता. आबा तर फोनवर रोज बोलायचे. ते बोलायचा खरा हक्क जिला होता, ती गप्प.

मी म्हटलं, "फुई, हे तिला सांग ना. तिला कळेल."

तू तेव्हा माझ्याकडे वळलीस, शपथ घातलीस. "नही सांगनं. तुले मनी आन शे. तिनं ताट आधीच जड शे. मनी भूक तिना ताटमा वाढू नको."

मी पुष्कळ मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली आहेत, फुई. शिबिरं केली, प्रशिक्षणं केली. त्या लाल डब्यात, गुडघ्यावर पिशवी घेऊन तू जे बोललीस, त्याच्या तोडीचं मला दुसरं आठवत नाही.

घरी आल्यावर तू चप्पलसुद्धा काढली नाहीस. सरळ प्रज्ञाच्या खोलीत गेलीस. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मनी चूक व्हयनी, माय. मी खोटं बोलनी. आते लपाडाव नही."

ती वळली नाही. तू मग स्वयंपाकघरात आलीस.

आणि त्या संध्याकाळपासून आपल्या घरात वाढायची नवी रीत सुरू झाली. तू ताट ठेवायचीस आणि लग्नात आहेर पुकारतात तशा खणखणीत आवाजात सांगायचीस. "डाळमा तेल टाकेल शे. भाकरले तूप लावेल शे. भाजीमा दानास्नं कूट शे. लपाडेल काहीच नही." ती किंचाळायची, मला नको, तू मला जाड करायला बसली आहेस, जा तुझ्या धुळ्याला. तू म्हणायचीस, "जासू ना. जेवन व्हऊ दे." घरी आलेल्या पाहुण्यांना वाटायचं ही म्हातारी काय लिलाव पुकारते.

एकदा तिने ताट भिरकावलं. वांग्याचं भरीत भिंतीला, भाकरी दाराशी. माझा हात उठला होता, खरंच उठला होता. कारण मला माहीत होतं की तुझ्यासमोर अन्न फेकणं म्हणजे काय. तू भाकरीचा तुकडा खाली सांडला तर उचलून डोळ्याला लावणारी बाई. तू उठलीस, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. भाकरी उचललीस. डोळ्याला लावलीस की नाही ते मला दिसलं नाही, तुझी पाठ होती. मग म्हणालीस, "सुनंदा, रडू नको. दुसरं ताट ली ये." आणि दुसरं ताट ठेवून, तोच आवाज, "भरीतमा तेल शे. लपाडेल नही. तू एक, मी एक."

प्रज्ञाने मान खाली घालून घास घेतला. तुझा आवाज जराही हलला नाही. हे कुठून आणलंस तू?

पुढचं हळूहळू झालं, इतकं हळू की कधी झालं ते सांगता येत नाही. मॅडमनी एकेक खाणं तिच्या हातात परत द्यायला सांगितलं. आधी दुपारचं केळं, मग सकाळचा नाश्ता. समुपदेशक बाईंशी ती दर आठवड्याला फोनवर बोलायची, दार लावून, आणि तू दाराबाहेर कोणाला फिरकू द्यायची नाहीस. पाळी परत आली तेव्हा तू गुळाचा शिरा केलास आणि तिच्यासमोर गूळ-तूप पुकारून टाकलंस. दहावी झाली. कॉलेजात गेली. एक दिवस मैत्रिणींबरोबर कचोरी खाऊन आली आणि सांगायलाच विसरली, दोन दिवसांनी बोलता बोलता निघालं. तू ओट्यावर जाऊन धुळ्याला सलमाभाभींना फोन लावलास, "मनी पोर कचोरी खाईसन भुली गयी!" पदवी मिळाल्याचा पेढा वाटावा तसं तोंड होतं तुझं.

तेव्हा तू धुळ्याला परत गेलीस. जाताना म्हणालीस, माझं काम झालं. मी म्हटलं, राहा ना. तू म्हणालीस, तुळस वाळली असेल. मी तुझे त्या दिवशी धड आभारसुद्धा मानले नाहीत, कारण आपल्यात फुईचे आभार कोण मानतं? तू गाडीत बसलीस, मी भाकरी बांधून दिली, आणि तू विचारलंस, "तूप लावेल शे का?" मी म्हटलं, "लावेल शे. लपाडेल नही." तू हसलीस. खिडकीतून ते हसू दिसलं ते शेवटचंच ठरलं.

आता त्या ताटाकडे येते.

सलमाभाभींचं पिठलं वाढलेलं, प्रज्ञाचा हात न हलणारा, आणि तेवढ्यात आबा बोलायला लागले. त्यांना कोणी आन घातली नव्हती. रडत रडत, सगळ्यांसमोर. "मनी बहीन तिनी भाकर माले दी टाके, अन म्हने, मी जेयेल शे. मी ल्हाना व्हतू, माले खरं वाटे. मी तिना वाटानं खाईसन मोठा व्हयनू."

मी उठून त्यांना थांबवणार होते. तुझी आन मोडत होती, माझ्यादेखत. तुझी भूक शेवटी तिच्या ताटात पडली होतीच. मी प्रज्ञाकडे बघितलं. ती आबांकडे बघत होती, मग ताटाकडे, मग तुझ्या रिकाम्या पाटाकडे. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. आता ही पोर म्हणेल, माझ्यासारख्या पोरीला खायचा हक्क काय.

तिने भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्यात बुडवला. तोंडात टाकला आणि चावत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी चावत राहिली. गिळला. मग दुसरा मोडला. तो हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"आई, तू कधीची माझ्याच ताटाकडे बघतेयस. तुझं ताट कुठंय?"

"मी जेवले."

"ते मला नको सांगू," ती म्हणाली. "ते मला येतं."

ती उठली. टोपल्यातून भाकरी घेतली, पिठलं वाढलं, त्यावर तेल घातलं, माझ्यासमोर ठेवलं आणि तुझ्या पाटावर, तुझ्याच पाटावर, माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"पिठल्यात तेल आहे. वरून अजून घातलंय, तू सकाळपासून उपाशी आहेस म्हणून. लपवलं काही नाही." तिने स्वतःचं ताट पुढ्यात ओढलं. "तू एक, मी एक."

फुई, त्या दिवशी मी जेवले. खरं जेवले.